जावळाचा वस्तरा

आधीच सांगून टाकतो, म्हणजे नंतर कोणी हिणवायला नको — मी या सदरात आजवर फक्त लोकांची खोडी काढायला येत होतो. कोणी लिहिलं की विहिरीवर बाई दिसली, पाय उलटे होते, की मी खाली कॉमेंटमध्ये विचारायचो, "चपलेचा नंबर काय होता?" जुन्या मंडळींना आठवत असेल. शिव्याही खाल्ल्यात. तीस वर्षं कॉलेजच्या केमिस्ट्री लॅबमध्ये असिस्टंट म्हणून काढली. आमच्याकडे रंग बदलला तर का बदलला ते वहीत लिहावं लागतं. करणी, भगत, उतारा... या सगळ्याला माझा एकच शब्द होता, थोतांड. आता मी देवभोळा झालोय अशातला भाग नाही. पण एक गोष्ट घडली, माझ्याच हातून घडली, आणि तिचं उत्तर माझ्या कुठल्याच बाटलीत सापडत नाही.

स्थळ जव्हार, जिल्हा पालघर. एसटी स्टँडपासून आमचं घर चालत सात मिनिटं, आणि तिथून धोंडूबाबांचं आणखी चार. नावं बदलली आहेत, गाव बदललेलं नाही. गेल्या वर्षी दिवाळी आटोपल्यावर हे सुरू झालं.

कोणाला तिकिटांचा नाद असतो, कोणाला नाण्यांचा, मला वस्तऱ्यांचा. पूर्वी न्हावी वापरायचे ते, मुठीत मिटणारे, अस्सल पोलादी. भंगारवाल्याकडून, कुणाच्या माळ्यावरून गोळा करतो आणि मागच्या पडवीत बसून साफ करतो. आधी रॉकेलात बुडवून ठेवायचा. मग चारशे नंबरचा पॉलिश पेपर, मग आठशे, पंधराशे, दोन हजार, दर वेळी आधीच्या ओरखड्यांना आडवा हात मारायचा. पातं तापू द्यायचं नाही; तापलं की त्याचं पाणी उतरलं, मग त्याने लोणी कापा. शेवटी दगडावर धार, चामड्याच्या पट्ट्यावर पन्नास फेरे आणि परीक्षा डाव्या हाताच्या केसांवर. त्यामुळे माझा डावा हात कायम सोललेल्या कोंबडीसारखा. सुनंदा, म्हणजे आमची ही, म्हणते, "लग्नाकार्यात फुल बाह्यांचा शर्ट घालत जा हो, बायका विचारतात काय रोग आहे म्हणून."

हौशी लोकांचा एक व्हॉट्सॲप ग्रुप आहे आमचा. आधीचा फोटो, नंतरचा फोटो टाकायचा, की खाली टाळ्याच टाळ्या. खरं सांगतो, त्या टाळ्यांची मला चटक लागली होती.

आता धोंडूबाबा. पंच्याऐंशीच्या पुढचे, जव्हारचे जुने न्हावी. तरुणपणी खांद्याला धोकटी अडकवून पायी हिंडायचे — मोखाडा, पोशेरा, इकडे वावर, वांगणी. पाड्यावर कुणाच्या पोराचं जावळ निघालं की धोंडूबाबांना निरोप. माझंही जावळ त्यांनीच केलं, आजोळी पोशेऱ्याला. मी मामाच्या मांडीवर मुतलो होतो, हे ते भर बाजारात ओरडून सांगायचे.

हात थरथरायला लागल्यावर धंदा सुटला, पण दिवसभर ओट्यावर बसलेले असायचे. नजर अधू झालेली. समोर कोणी आलं की म्हणायचे, "वाक खाली." डोक्यावरून हात फिरवायचे आणि... "तू वांगणीच्या लख्याची धाकटी. दोन भोवरे. तुझा मामा पिऊन आलेला जावळाला." समोरची बाई पन्नाशीची, नातवंडांची आजी! एकदासुद्धा चूक नाही. मी म्हणायचो, आवाजावरून ओळखतात, दुसरं काय.

घरात बाबा आणि त्यांची मुलगी विमल, दोघंच. मोखाड्याला दिलेली, नवऱ्याने टाकली, मूलबाळ नाही, बारा वर्षांपूर्वी परत आली. माझ्याहून दोन वर्षांनी लहान, मला दादा म्हणते. बाबांचं हगणं-मुतणं, अंघोळ, सगळं तिनेच केलं. तिच्या वाट्याला कौतुक म्हणाल तर एकच. सकाळी चहा घेऊन गेली की बाबा तिच्या डोक्यावर हात ठेवायचे आणि म्हणायचे, "विमे, तुझं जावळ कापसासारखं होतं गं. वस्तरा लावायचं जिवावर आलेलं." रोज, तेच वाक्य. ऐकलं की तिचा दिवस निघायचा.

जावळासाठी बाबांचा वेगळा वस्तरा होता. दाढीला किंवा सुतकातल्या डोक्याला तो त्यांनी कधी लावला नाही. पातं विलायती पोलादाचं आणि मूठ पितळेची. पितळी मूठ फार क्वचित बघायला मिळते. दोन वर्षं मी त्यांच्या मागे लागलो होतो, एकदा साफ करायला द्या म्हणून. म्हातारा दाद देईना. शेवटी विमलनेच भीड घातली. "द्या ना बाबा, पातं गंजलंय. अरुणदादा चकचकीत करून देतील."

"पात्याचं काय करायचं ते कर," बाबा म्हणाले, "मुठीला हात लावायचा नाय."

"का?"

"नाय लावायचा. मळ आहे तो माझा आहे. राहू दे."

मी हो म्हटलं. हो म्हणायला काय जातं!

रविवारी सकाळी पडवीत बैठक मारली. पातं तर असं निघालं की त्यात बघून भांग पाडावा. मग नजर मुठीवर गेली. काळपट थर, आणि त्याखाली बारीक खड्डे. टाचणीच्या टोकाएवढे, दोन्ही बाजूंनी, ओळीने. ओळीने! इथेच मी थांबायला हवं होतं. गंज काय रांग लावून चढतो? आणि पितळेला तसला गंज येतच नाही, हे केमिस्ट्री लॅबवाल्याला कोणी शिकवायला हवं होतं का? पण डोळ्यांसमोर ग्रुपवरचा फोटो होता. एवढ्या नितळ पात्याला ती खरबरीत मूठ म्हणजे पैठणीखाली फाटकी चप्पल. म्हटलं, म्हातारा मळ-मळ करतोय, चकाकी बघून स्वतःच खूश होईल.

दीड तास घासलं. चारशेने ठिपके उथळ झाले, आठशेने नुसती सावली उरली, पंधराशेने सावलीही गेली. मग कापडी चाकावर पॉलिशचा लाल साबण लावून बफिंग. बिजागरीच्या खिळ्याला मात्र हात लावला नाही. त्याच्या दोन्ही बाजूंना रुंद पितळी चकत्या ठोकलेल्या होत्या, पक्क्या होत्या, त्या कशाला हलवा. ग्रुपवर फोटो टाकले आणि टाळ्यांचा पाऊस पडला. एकाने फक्त विचारलं, "वो पहले वाला टेक्सचर जान-बूझकर था क्या?" मी ऐटीत लिहिलं, "नहीं जी, पिटिंग था." पिटिंग म्हणजे गंजाने पडलेले खड्डे.

दोन दिवसांनी, बाजाराच्या दिवशी, दहाच्या सुमाराला वस्तरा परत द्यायला गेलो. बाबांनी तो हातात घेतला. पात्याकडे बघितलंसुद्धा नाही. अंगठा मुठीवरून खाली नेला, वर आणला. उलटवली, दुसऱ्या बाजूवरून नेला. मी शिव्यांची तयारी ठेवली होती. पण ते चिडले नाहीत. एखादी गोष्ट कुठे ठेवली ते आठवत नसल्यासारखा चेहरा करून म्हणाले, "गुळगुळीत आहे."

तेवढ्यात ओट्यापाशी एक म्हातारी आली. सोमीबाई, वावरची. मी तिला चेहऱ्याने ओळखत होतो. वर्षातून एकदा, हंगामानंतरच्या बाजाराला येऊन बाबांकडे नागलीचं, म्हणजे नाचणीचं, पीठ ठेवून जायची. का, ते मी कधी विचारलं नव्हतं. तिने पिठाचं फडकं ठेवलं आणि उजव्या हाताचं बोट पुढे केलं, अंगठी घालून घ्यायला करावं तसं.

बाबा बघत राहिले.

"दाखव ना बाबा," ती म्हणाली. "माझा दाखव."

"काय दाखवू?"

"माझ्या पोशाचा ठिपका."

विमल आतून चहा घेऊन येत होती, तीच म्हणाली, "बाबा, सोमीबाईच्या मुलाचा ठिपका दाखवा की. वावरचा. तो लहानपणी गेला तो." आणि माझ्याकडे वळून सांगायला लागली, "ज्याचं जावळ करतील त्याचा एक ठिपका टोच्याने मुठीवर मारतात बाबा. लिहितावाचता येत नाही ना त्यांना. ती त्यांची..." आणि तिची नजर मुठीवर गेली. पुढचं वाक्य तसंच राहिलं.

बाबांनी सोमीबाईला वाकायला लावलं नाही, काही नाही. सरळ म्हणाले, "बाई, तुला मूल नव्हतं."

ती आधी हसली. म्हाताऱ्याची थट्टा वाटली तिला. "असं काय करतोस? वाईट साल होतं ते. पोरं पटापट गेली. माझाबी गेला. तूच तर जावळ केलेलंस, सहा महिनेसुदिक झालं नवतं."

"मी वावरला कुणाचंच जावळ केलं नाय," बाबा म्हणाले. रागाने नाही हो, अगदी समजावणीच्या सुरात. "तुला मूल झालंच नवतं, बाई. कुणी सांगितलं तुला?"

तिने त्यांच्या हातातून वस्तरा घेतला. विमल "धार आहे, धार आहे" करत होती, पण ती पात्याला शिवलीच नाही. मुठीवरून बोट फिरवत राहिली, या टोकापासून त्या टोकापर्यंत. मग म्हणाली, "गार लागतं." थोड्या वेळाने म्हणाली, "त्याचा फोटू नाय. कागद नाय. पुरलेली जागाबी आता कळत नाय. एवढाच होता." आणि माझ्याकडे बघून विचारलं, "कोणी पुसला?"

मी म्हणालो, "मला कुठे माहीत होतं?" हे माझं उत्तर. पन्नाशी ओलांडलेल्या माणसाचं. ती पिठाचं फडकं तिथेच ठेवून निघून गेली, आणि त्यानंतर मी तिला बाजारात पाहिलेलं नाही.

विमलने चहाचा कप बाबांपुढे धरला आणि सवयीने डोकं खाली वाकवलं. बाबांनी हात मागे घेतला. माझ्याकडे वळून म्हणाले, "अरुण, ही कोण बाई घरात? हिला चहा कोणी सांगितला?"

मी पहिल्या दिवशी म्हणालो, वय झालंय. दुसऱ्या दिवशी डॉक्टरांना घेऊन गेलो, तेही तेच म्हणाले, मेंदू थकतो, गोळ्या दिल्या. पण डॉक्टर नंदुरबारकडचे. बाबांनी त्यांना ओळखलं, मागच्या वेळच्या इंजेक्शनची तक्रारसुद्धा केली. कोपऱ्यावरचा चहावाला जौनपूरचा, त्याला ओळखलं. आमची सुनंदा संगमनेरची, तिला तर "सूनबाई, भाकरी थापायला शिकलीस का नाय अजून" म्हणून चिडवलं. वर्षापूर्वी वारलेल्या बोक्याचं नाव आठवत होतं. पण समोरच्या घरातला दिनू, पलीकडची कुसुम, ज्यांची डोकी त्यांच्या हाताखालून गेली होती, ती सगळी परकी. आली की "कोण पाहिजे?"

हे सुनंदाच्याच लक्षात आलं. घरी येताना म्हणाली, "अहो, ज्यांचं जावळ त्यांनी केलं तेवढेच विसरलेत." मी हसलो. मग म्हणाली, "पण तुमचं तर केलंय ना?" आणि मला हसू येईना.

कारण मला ते ओळखत होते. नुसते ओळखत नव्हते, माझी वाट बघत बसायचे. दारात पाऊल टाकलं की, "आला माझा अरुण." विमलच्या हातचं जेवण बंद झालं. "परक्या बाईच्या हातचं खायची वेळ नाय आली माझ्यावर," म्हणून ताट ढकलून द्यायचे. एकदा वरण तिच्या अंगावर सांडलं. चटका बसला तर म्हणाले, "बरं झालं, जा आता आपल्या घरी." मग मी सकाळ-दुपार जाऊन भरवायला लागलो. विमल कालवून द्यायची, दाराआड उभी राहायची, मी घास द्यायचा.

तिने हार मानली नाही. माझ्या मोबाइलमधला आधीचा फोटो मोठा करून त्यांना दाखवला. सगळे ठिपके स्पष्ट दिसत होते. बाबांनी डोळे बारीक केले. "नागली सांडली का कुणाची?"

मग ती सोनाराकडून टोचा मागून घेऊन आली. म्हणाली, दादा, तुम्ही त्यांचा हात धरा, माझा ठिपका परत मारू. मी हात धरला.

"कुणाचा?" बाबांनी विचारलं.

"विमलचा," मी म्हणालो.

"कोण विमल? मूल कुठे आहे? मामा कुठे आहे? जावळ केल्याशिवाय ठिपका नाय. फुकटचा ठिपका मी कुणाला दिला नाय जन्मात." आणि टोचा फेकून दिला.

विमल आत गेली. बाहेर आली तेव्हा वेणी सोडलेली, केस ओले. बाबांच्या पायाशी पाट घेऊन बसली, पाठ माझ्याकडे. "करा जावळ," म्हणाली. "माझ्या मामाच्या जागी अरुणदादा बसतील. करा."

पन्नाशीची बाई हो! अर्धे केस पिकलेले. बापाने तिच्या डोक्याकडे बघितलं आणि पाय मागे ओढून घेतले. "बाईचं डोकं भादरायला सांगता? नवरा मेलेल्या बायकांची डोकी भादरणारा न्हावी नाय मी! काढ हिला, अरुण! काढ माझ्या दारातून!" एवढ्या जोरात ओरडले की समोरून दिनू धावत आला. विमल उठली, पाट उचलला, जागेवर ठेवला. रडलीसुद्धा नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी बाबा झोपले असताना ती वस्तरा घेऊन आमच्या पडवीत आली. "दादा, तुमचाच ठिपका कसा राहिला?"

"सगळी मूठ घासली मी, विमल. काही राहिलेलं नाही."

"या चकतीखाली बघा."

मी खिळा काढला. वरची चकती निघाली, खाली काही नाही. मूठ उलटवून दुसरी चकती काढली. तिच्याखाली, अगदी बिजागरीलगत, एक ठिपका होता. एकच. विमल म्हणाली, बाबांनी ठिपके बिजागरीपासून मारायला घेतले होते, पहिले काही पोशेऱ्याचे होते हे ते सांगायचे. खिळा पुढे कधीतरी ढिला झाला, तेव्हा रुंद चकत्या बसवल्या. त्याखाली नेमका हा एकटाच सापडला असणार.

तिने त्या ठिपक्यावरून बोट फिरवलं. मग म्हणाली, "पुसा."

"अगं, मग ते कोणालाच..."

"कोणालाच नाही ओळखलं तर चालेल मला. वेड्या माणसाचं करतात तसं करीन. पण मी त्यांचं सगळं काढायचं आणि त्यांनी माझ्यादेखत 'माझा अरुण, माझा अरुण' करायचं... नाही सहन होत, दादा. तुमचा राग नाही. पण पुसा. एवढंच मागते."

मी कबूल केलं. ती गेली. पंधराशेचा पेपर हाताशी होता, दहा सेकंदांचं काम. आणि मी तो ठिपका बघत बसलो.

काय मनात आलं ते जसंच्या तसं लिहितो. पहिल्यांदा भीती वाटली. सोमीबाईचा पोरगा जसा झालाच नव्हता, तसा मीही झालोच नव्हतो असं कोणीतरी शांतपणे सांगेल, याची. आणि दुसरं — लिहायला लाज वाटते — मला ते आवडायला लागलं होतं. कॉलेजात मला लॅबवाला म्हणतात. कुलूप उघडायला आणि बाटल्या विसळायला. पोरंही "ओ लॅबवाले" म्हणून हाक मारतात. आणि इथे एक माणूस माझी चाहूल लागली की उजळायचा. गावात एवढी माणसं असून त्याला मी एकटा होतो. असं मला कोणी कधी केलं नव्हतं. सुनंदाने वाचलं तर वाचू दे.

मी चकती परत बसवली, खिळा ठोकला.

संध्याकाळी वस्तरा परत नेऊन कोनाड्यात ठेवला आणि जेवण भरवायला बसलो, तेव्हा विमलने नजरेनेच विचारलं. मी म्हणालो, "पुसला."

तिने ताट घेतलं आणि दाराआडून पुढे आली. पहिल्यांदाच इतक्या दिवसांत. दोघंही सारखेच परके, आता कोणीही भरवावं. बाबांनी मान वळवली, तिच्यावरून नजर माझ्यावर आली आणि तोंड भरून म्हणाले, "आला माझा अरुण!"

विमलचा चेहरा मी बघितला. नसता बघितला तर बरं झालं असतं.

"नक्की पुसलात ना, दादा?"

"म्हणजे मी खोटं बोलतोय का?" मी चढ्या आवाजात म्हणालो. "पहिल्यापासून सांगतोय, ठिपक्याबिपक्याचं काही नसतं. वयाचा आजार आहे हा. आता तरी पटलं?" तीस वर्षांची सवय. वाक्यं कशी सफाईने बाहेर पडली!

तिने ताट माझ्या हातात दिलं. मग हळूच म्हणाली, "म्हणजे ठिपक्याचा दोष नव्हता." आणि मग, "म्हणजे बाबांनाच मी नको आहे."

बोलायला तोंड उघडलं होतं मी. खरंच उघडलं होतं. वस्तरा तिथेच कोनाड्यात होता, चकती काढून दाखवायला एक मिनिट लागलं नसतं. मी बाबांना घास भरवायला लागलो.

त्यानंतर विमलने काही करून बघितलं नाही. काम सगळं करायची, पण डोकं पुढे करायचं तिने सोडलं. बाबा शिमग्याच्या आधी गेले. सकाळची वेळ होती, मी उशाशी, विमल पायाशी. पायाला तेल लावता लावता तिचा बांध फुटला आणि ती हमसून रडायला लागली. बाबांनी डोळे उघडले, माझा हात धरला आणि हळू आवाजात विचारलं, "अरुण, ही बाई का रडते? हिचं कोण गेलं?" दुपारी बाराच्या आत संपलं. त्यांचं शेवटचं बोलणं तेच.

आता तुम्ही म्हणाल, स्मृतिभ्रंश. डॉक्टरही म्हणतात. मी स्वतः दुसऱ्याच्या धाग्यावर हेच लिहिलं असतं. पण मग बोक्याचं नाव राहतं आणि पोटची मुलगी जाते, नेमकी जावळं केलेली डोकी जातात आणि त्यातला ज्याचा ठिपका झाकलेला तेवढाच उरतो, हे कसं? एका नमुन्यावरून निष्कर्ष काढू नये, हे मी पोरांना सांगतो. दुसरा नमुना घ्यायची सोय माझ्याकडे होती, दहा सेकंदांची, आणि मी ती घेतली नाही. त्यामुळे मला माहीत नाही. कधी कळणारही नाही.

दहाव्याला विमलने सगळ्यांसमोर सांगितलं, अरुणदादांनी मुलासारखं केलं, ते होते म्हणून बाबा शेवटपर्यंत जेवले. वस्तरा मलाच दिला, आठवण म्हणून. तो कपाटात आहे, मी उघडलेला नाही. विमल हे सदर वाचत नाही, तिच्याकडे साधा फोन आहे. म्हणून इथे लिहितोय.

तिच्याकडे अजून जातो अधूनमधून. मागच्या आठवड्यात गेलो तर तांदूळ निवडत बसली होती. मान खाली घालूनच म्हणाली, "दादा, एक विचारू? तुमच्याशी तर ते बोलायचे. मी का नको झाले, काही म्हणाले का कधी? माझं काही चुकलं होतं का?"

मी म्हणालो, "नाही गं. कधी काही बोलले नाहीत."

"बरं," ती म्हणाली. "बसा, चहा टाकते."